टॉवेलाखालचा हात

ह्या सगळ्या उद्योगात माझा फायदा काय होणार होता, तो आधी मांडतो. नाहीतर नंतर कोणी म्हणेल, भैरवनाथ मुलीच्या नावाखाली स्वतःचं साधत होता. साधतच होतो.

आमच्या घरात मुलीच्या गुणांचा जमाखर्च माझी बायको हिरा ठेवते. श्रेयाचं अक्षर मोत्यासारखं, ते आईकडून आलं. श्रेयाला पाढे तोंडपाठ, तेही आईकडून. मी पतसंस्थेत हिशेबनीस असूनसुद्धा. केस दाट, ते हिराच्या कुठल्याशा आत्याकडून, जिला मी कधी पाहिलेलं नाही. पण श्रेयाचं शाळेत जाताना पोट दुखतं, वर्गात बाईंनी नाव घेतलं की आवाज बसतो, आणि कुठेही जायचं म्हटलं की "पण समजा असं झालं तर?" सुरू होतं, हे सगळं सरळ माझ्या खात्यावर. "बापावर गेलीय," एवढं बोलून हिरा वही मिटते. तेव्हा श्रेयाची भीती गेली, तर माझ्या खात्यावरची ही नोंद खोडली जाणार होती. आणि ती बापाने घालवली असं ठरलं असतं, तर लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी जमा झालं असतं.

नोंद खरी होती, हेही सांगून टाकतो. भैरवनाथ हे गाव राखणाऱ्या देवाचं नाव. देव बिचारा उघड्यावर राहतो. मी नारायणगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या मजल्यावर बिबट्या चढेल असं मला वाटतं आणि तिसऱ्यावर भूकंप आला तर उतरायला वेळ मिळणार नाही. गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला मी जिन्यातून परत येतो. परत आल्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. माझे वडील जानकूआप्पा आयुष्यभर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरले, रानात उघड्यावर झोपले. आता बेल्ह्याजवळच्या वस्तीवर थोडी शेती आणि दोन-चार जनावरं करतात. मी छत्री विसरलो तर आजारपणाची रजा काढतो.

तर शाळेत पालकसभा होती. मार्गदर्शनाला समुपदेशक स्नेहल मॅडम आल्या होत्या. विषय: 'चिंता करणारे पालक आणि त्यांची मुलं'. हिराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सभेचा मांडव माझ्याच नावाने घातलाय.

मॅडम म्हणाल्या, "काळजीचा स्वभाव थोडा रक्तातून येतो, पण बराचसा मुलं बघून बघून उचलतात. कुत्रं दिसलं की आपण मुलाचा हात ओढून रस्ता बदलतो. मुलाला कुत्रं कसं असतं ते कळतच नाही, ओढणं तेवढं कळतं. ह्यात तुमचा दोष नाही. उलट ही आनंदाची बातमी आहे. जे बघून येतं, ते दुसरं काही दाखवून अडवता येतं. आणि मूल आजारी पडेपर्यंत थांबायचं कारण नाही."

पुढे त्यांनी उपायही सांगितले. मुलाच्या वतीने आपण उत्तरं द्यायची नाहीत. भीती वाटणारं काम त्याला छोट्या तुकड्यांत करू द्यायचं. आणि स्वतःची भीती लपवायची नाही. भीती वाटत असताना माणूस काम कसं करतो, तेच मुलाला दिसू द्यायचं.

मला इतका हुरूप आला की मी हात वर केला. "मॅडम, समजा मूल छोटा तुकडा करायला गेलं आणि तुकडा मोठा निघाला तर? समजा त्या वेळी मोबाईलला रेंज नसली तर? समजा रेंज आहे, पण मॅडम, तुमचाच फोन बंद असला तर?"

मॅडमनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला हसल्या. "तुम्ही कोणाचे वडील?"

मागच्या बाकावर श्रेयाने मान खाली घातली. मला वाटतं, बाक जरा उंच असता तर ती त्याच्या खालीच गेली असती.

सभा संपल्यावर खरी गोष्ट निघाली. शाळेचं दोन दिवसांचं शिबिर आहुप्याला जाणार होतं. डोंगरातलं गाव, देवराई, पक्षी बघायचे, तंबूत झोपायचं. श्रेया मॅडमना पुटपुटत म्हणाली, "मला जायचंय. पण तिथं कोणाला काही विचारायला लागलं तर? माझा आवाजच येत नाही."

"मग त्याआधी अनोळखी माणसाशी एखादा व्यवहार करून बघ," मॅडम म्हणाल्या. "लहानसा. तुझा तू निवड. मग ठरव जायचं की नाही."

म्हणजे पुढच्या आठवड्यात श्रेया आहुप्याच्या गाडीत बसणार की घरी पोट धरून बसणार, हा प्रश्न होता. ती जाणार नाही म्हणून मी आतल्या आत खूश होतो, हे कबूल करायला हवं. आहुपे घाटाच्या काठावर आहे आणि काठ ह्या प्रकारावर माझा विश्वास नाही. पण त्या संध्याकाळी मुलीने पिशवीत दुर्बीण भरली, मग बाहेर काढली, मग पुन्हा भरली. ते पाहिलं आणि माझी खुशी मावळली.

खालच्या मजल्यावरचे बाळासाहेब एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. त्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे ते स्वतःहून सांगतात.

"छोटा व्यवहार? नाथराव, तसल्या चमच्या-चमच्याने भीती जात नसते. एकदाच मोठा डोस द्यायचा. आम्हाला लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणून थेट विहिरीत ढकललं होतं."

"मग शिकलात?"

"नाही ना. पण भीती गेली. आता मी विहिरीकडं जातच नाही."

पहिला तुकडा म्हणून श्रेया बेकरीत खारी आणायला गेली आणि पाव घेऊन आली. काउंटरवर तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. दुकानदाराने अंदाजाने पाव बांधून दिला. मी बदलून आणायला चपला घालत होतो. हिरा म्हणाली, "कोणी कुठे जायचं नाही. आज पाव खायचा." चहात पाव बुडवताना श्रेया म्हणाली, "मम्मी, असा एखादा व्यवहार नाही का, ज्यात बोलायलाच लागत नाही?"

असा व्यवहार आमच्या तालुक्यात आहे. शनिवारी आम्ही वस्तीवर गेलो, तेव्हा तो तिने स्वतःच शोधला.

आप्पांना त्यांचा तांबडा गोऱ्हा सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात विकायचा होता. देखणं जनावर; शर्यतीवाल्यांचा डोळा होता त्याच्यावर. हल्ली बाजारात बरेच जण तोंडानेच भाव करतात, कोणी मोबाईलवर आकडा टाइप करून दाखवतो. पण काही जुने दलाल अजून टॉवेल टाकतात. दलाल दोन्ही हातांवर टॉवेल पसरतो. घेणारा टॉवेलाखाली दलालाचा उजवा हात धरून बोटं दाबतो. जितकी बोटं, जितक्या वेळा, तितका भाव. दलाल तोच भाव डाव्या हाताने विकणाऱ्याच्या हातावर दाबतो. पटलं तर विकणारा पंजा आवळतो, नाही पटलं तर करंगळी. आसपास शंभर माणसं उभी असली तरी कोणाला आकडा कळत नाही, आणि तोंडातून अक्षर काढावं लागत नाही. आप्पांनी ही बोटांची भाषा नातीला खेळ म्हणून केव्हाच शिकवली होती.

"आजोबा," श्रेया म्हणाली, "टॉवेलाखाली मी हात घालू?"

आप्पांनी तंबाखू मळता मळता तिच्याकडे बघितलं. "घाल की. तुजा बाप तर पाव्हण्याला पाणी द्यायला बी घाबरायचा."

मला काय उत्साह चढला! बोलायचं नाही, अनोळखी गिऱ्हाईक, शेजारी दलाल ओळखीचा धर्माजी, आजोबांच्या हातात दावं. स्नेहल मॅडमना सुचला नसता असा तुकडा! मी लगेच तयारीला लागलो, आणि तयारी हा माझा विषय असल्यामुळे घोटाळा तिथेच सुरू झाला.

जनावराच्या कानात टॅग असतो, त्याचा नंबर बाजाराच्या गेटवर बघतात. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जाऊन खात्री करू.

"कोण बघतंय रं?" आप्पा म्हणाले. "कानात पिवळं दिसलं की आत सोडत्यात."

"पण समजा नीट बघितलं तर?"

गुरांच्या दवाखान्यातल्या ऑपरेटरने नंबर टाकला आणि म्हणाला, "म्हैस आहे."

"कोण?"

"हे जनावर. दुभती म्हैस, तिसरं वेत. संपर्क क्रमांक..." आणि त्याने माझाच मोबाईल नंबर वाचून दाखवला. टॅग मारायच्या दिवशी आप्पांनी तो दिला होता.

आप्पांनी पाठीमागे बोट दाखवलं. बाहेर तांबडा कुंपणाला अंग घासत होता. "म्हस व्हय? मंग तुज्या शिष्टीमला म्हणावं, काढ धार. आमी बादली धरतो."

"मी काय करू, बाबा? सिस्टीमला जे आहे ते आहे. मालकाकडच्या कोणीतरी काय चुकलंय ते सांगा, मी दुरुस्तीला टाकतो."

हिराने श्रेयाला हळूच पुढे केलं. वाक्य तर छोटंच होतं: हा गोऱ्हा आहे, म्हैस नाही. समोर पुरावा शेपटी हलवत उभा. श्रेयाने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ऑपरेटर वाट बघत होता, आप्पा वाट बघत होते, कुंपणापलीकडे तांबडासुद्धा थांबला असावा. मला राहवेना आणि मी ओरडलो, "गोऱ्हा आहे हो साहेब! गोऱ्हा!"

श्रेयाने तोंड मिटलं.

दुरुस्ती झाली. तांबड्याला टेम्पोत चढवून आम्ही परत निघालो. वस्ती दिसायला लागली तेव्हा श्रेया म्हणाली, "पप्पा, येत होतं."

माझ्या आयुष्यात साहेबांनी मला मेमो दिलाय, बँकेच्या ऑडिटरने पाणउतारा केलाय, बाळासाहेबांनी तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला 'आपले घाबरट सचिव' म्हटलंय. पण ह्या दोन शब्दांनी मला जेवण गेलं नाही. घरी परतल्यावर दुर्बीण पुन्हा कपाटात गेली. मी हिराला शब्द दिला: सोमवारी बाजारात मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

हा शब्द मी पाळला, ह्याची कृपया नोंद घ्यावी. तोंडातून मी काही काढलं नाही.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार भरून वाहत होता. टेम्पोतून जनावरं उतरत होती, मोटरसायकलवरचे व्यापारी गाड्या न थांबवताच जनावराचे दात, म्हणजे वय, विचारत होते, भज्यांच्या कढयांचा धूर आणि शेणाचा वास. बाळासाहेबही आले होते. त्यांना जनावर घ्यायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. ते म्हणाले, गर्दीला शिस्त लावायला कोणीतरी पाहिजे.

धर्माजी दलाल एका बाभळीखाली उकिडवा बसला होता. अंगठ्याएवढ्या मिशा, डोक्याला फेटा. श्रेयाला बघून म्हणाला, "ये गं बाय. आज तू मालकीन व्हय? माजा कायदा ऐक. टॉवेलाखाली जो हात आला, तो गिऱ्हाईक. मी तोंडाकडं बगत न्हाई. तोंडं लई खोटं बोलत्यात."

टॉवेल पडला. श्रेयाचा हात डाव्या बाजूने आत गेला. पहिलं गिऱ्हाईक आंबेगावकडचं, गॉगलवाला, शर्यतीचा नाद असलेला. त्याने उजवीकडून हात घातला. टॉवेल एका बाजूला हलला, मग दुसऱ्या बाजूला हलला. श्रेयाने मान न हलवता काहीतरी केलं, आणि धर्माजी म्हणाला, "न्हाई म्हणती मालकीन."

माझ्या मुलीने नाही म्हटलं! एका गॉगलवाल्या माणसाला! मी हिराकडे बघितलं. हिराने डोळ्यांनी दटावलं.

दुसरं गिऱ्हाईक आलं. नाही. गॉगलवाला परत आला, भाव वाढवला. पुन्हा नाही. लोक जमायला लागले. "जानकूची नात हाय. लई टाइट हाय पोरगी." आप्पा तांबड्याचं दावं धरून असे उभे होते, जणू बाजार त्यांच्याच मालकीचा आहे.

इथे थांबायला हवं होतं. पण माझी अडचण समजून घ्या. मला सगळं दिसायला लागतं. गॅसचं बटण मी डोळ्यांनी बघतो, लॉकरचं कुलूप ओढून बघतो. आणि इथे माझ्या मुलीचा हात टॉवेलाखाली होता आणि बाकी सगळ्या जगाला काही दिसत नव्हतं. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट आवळलेले, कपाळावर आठी. मी ठरवलं, पोट दुखतंय. (ती मनात बेरीज करत होती, हे मागाहून कळलं.) गॉगलवाला तांबड्याचे दात बघायला उठून गेला होता. टॉवेलाची ती बाजू रिकामी होती. मी बोलणार नव्हतो. मी फक्त खाली बसलो, टॉवेलाखाली हात सारला आणि 'पप्पा इथेच आहे बरं का' एवढं सांगायला तिचा हात धरला.

हात लाकडासारखा होता. राठ, थंड, गाठी-गाठींचा. मी मनात म्हटलं, भीतीने पोरीचा हात ताठरला! मी पाचही बोटांनी दाबला. उत्तर नाही. पुन्हा पाचही बोटं. तरी उत्तर नाही. पुन्हा. जितका माझा जीव खालीवर होत होता, तितकं मी दाबत होतो.

धर्माजीने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं समाधान पसरलं. टॉवेल डाव्या बाजूला हलला. श्रेयाचे डोळे मोठे झाले. तिने खांद्यापासून जोर लावून पंजा आवळला.

"झाला सौदा!" धर्माजी गरजला आणि टॉवेल झटकून बाजूला केला.

सगळ्या बाजाराने पाहिलं. मी, भैरवनाथ जानकू, धर्माजी दलालाचा हात छातीशी धरून बसलो होतो.

कोणीतरी माझ्या डोक्यावर भंडारा उधळला. "कुनी घेतला, कुनी?" "आरं, जानकूच्याच पोरानं!" "बापाचा गोऱ्हा बापाकडनं?" "आन् ह्या भावाला?" हसण्याचा असा धुरळा उठला की पलीकडच्या रांगेतल्या म्हशी दावी ओढायला लागल्या. गॉगलवाल्याने गॉगल काढून डोळे पुसले. बाळासाहेब "रांगेत हसा, रांगेत हसा" असं काहीतरी म्हणत स्वतःच वाकून हसत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही बघत होता ना? मी हात घालताना बघितलं ना तुम्ही?"

"बगितलं की."

"मग बोलला का नाही?"

"इतका भाव कोन देतंय रं?" आप्पा म्हणाले.

मी उठलो. कपाळावरून हळद नाकावर सांडत होती. "हे बघा, धर्माजीभाऊ, ही चूक झाली. हा सौदा..." आणि माझं लक्ष श्रेयाकडे गेलं.

तिचा हात पोटावर गेला होता. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी केलेला सौदा खोटाच?"

आता मी हिशेबाचा माणूस. उभ्या उभ्या मी दोन रकाने पाडले. सौदा मोडला, तर पैसे वाचतात आणि मुलगी पोट धरून घरी येते. सौदा ठेवला, तर मला दुसऱ्या मजल्यावर गोऱ्हा मिळतो. तिसरा रस्ताही दिसत होता: 'मला तांबडा आवडला म्हणून मुद्दाम घेतला' असं छातीठोक खोटं. त्याने माझी अब्रूही वाचली असती. पण ती टक लावून बघत होती, आणि बघूनच तर सगळं शिकतात.

"मी घाबरलो होतो," मी म्हटलं. बाजारात बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे हे वाक्य भज्यांच्या कढईपर्यंत ऐकू गेलं. "तू नाही घाबरलीस, श्रेया. मी. मला काही दिसेना, म्हणून तुझा हात धरायला मी हात घातला आणि धर्माजीचा धरला. चूक माझी. तू बरोबर भाव केलास. तुझा सौदा खरा. मी गोऱ्हा घेतला."

हसणं एकदम ओसरलं. धर्माजीने टॉवेल खांद्यावर टाकला. "घाबरतंय कोन न्हाई, पावणं? बाजारात भ्या समद्यांनाच असतंय. म्हून तर टॉवेल टाकावा लागतो." मग घसा खाकरून म्हणाला, "दलाली दोन्ही बाजूंनी असती, ठावं हाय ना?"

एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. पण पावती राहिली होती.

पावतीच्या खिडकीतल्या कारकुनाने कागद वाचला. "विकणार जानकू. घेणार भैरवनाथ जानकू. राहणार एकाच ठिकाणचे?"

"आधार कार्डावर वस्तीचाच पत्ता आहे," मी म्हटलं.

"हे चालत नाही."

"कुठल्या नियमाने?"

"आजपर्यंत असं कोणी केलेलं नाही, म्हणून नियम नाही. नियम नाही, म्हणून चालत नाही." तो शांतपणे म्हणाला. "तरी ओटीपी टाकून बघू. विकणाऱ्याला एक जाईल, घेणाऱ्याला एक."

दोन्ही माझ्याच मोबाईलवर आले. कुठला विकणाऱ्याचा, कुठला घेणाऱ्याचा, मोबाईलने सांगितलं नाही. मी उलटे टाकले. मग सुलटे टाकले, तोवर त्यांची मुदत गेली. मागे रांग वाढली. कोणीतरी म्हणालं, "ओ हळदीवाले, लग्न उरका लवकर!"

कारकून पेन ठेवून म्हणाला, "मला ह्यातलं काही समजत नाही. सौदा कोणी केला? त्यानेच सांगावं काय झालं ते."

सौदा श्रेयाने केला होता.

ती खिडकीशी गेली. कठडा तिच्या हनुवटीला लागत होता. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मला सगळी वाक्यं तयार होती. एकेक जिभेवर उभं होतं. रांगेतून कोणी "चला, चला" केलं, कारकुनाने घड्याळ पाहिलं, हिरा माझ्याकडे बघतही नव्हती. ती फक्त श्रेयाकडे बघत होती. मी शेजारी जे लागलं ते घट्ट धरलं आणि दात आवळले. मनात म्हटलं, मला भीती वाटतेय, वाटू दे, मी उभा आहे.

"नाथराव," बाळासाहेब विव्हळले, "तो माझा दंड आहे हो! एसटीची दांडी नाही!"

आणि आवाज आला. आधी किरकिरा, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. मग चांगला मोठा.

"काका, आजोबांनी विकला. पप्पांनी घेतला. पप्पांनी चुकून घेतला, पण घेतला. मी पंजा दाबलाय. पुन्हा ओटीपी पाठवा, पहिला येईल तो आजोबांचा, मी वाचते. आणि आम्हाला पावती द्या."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, माझ्या हळदीकडे पाहिलं, आणि पुन्हा ओटीपी पाठवला. नियम होता की नव्हता, देव जाणे, पावती मिळाली. रांगेतला तो लग्नवाला म्हणाला, "अरे, ह्या पोरीला उभी करा राव पंचायतीला!" श्रेयाचे कान लाल झाले. पण ती तशीच उभी राहून पावतीवरची सगळी नावं वाचत होती, आणि एका ठिकाणी तिने कारकुनाला चूकही दाखवली. त्याने तांबड्याच्या रकान्यात पुन्हा 'म्हैस' लिहिलं होतं.

"गोऱ्हा आहे, काका," ती म्हणाली.

शिबिराची गाडी त्याच आठवड्यात सुटली. सकाळी पोट दुखलंच; ते लगेच कसं जाईल? माझंही दुखलं, आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही ओवा खा, पप्पा," आणि गाडीत चढली. खिडकीतून तिने क्लीनरला विचारलं, पाण्याचा जार कुठे ठेवलाय. मी फाटकाशी उभा होतो, आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा आनंद मी खांबाला धरून साजरा केला.

आता हिशेब पुरा करतो. आप्पांना बाजारभावाहून चांगला भाव मिळाला, आणि तांबडा आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहू शकत नसल्यामुळे तो त्यांच्याच गोठ्यात आहे. वैरणीचे ते माझ्याकडून घेतात, सौदा म्हणजे सौदा म्हणतात. धर्माजीला दोन्हीकडची दलाली मिळाली. बाळासाहेबांना दंडावर निळा वळ मिळाला, तो ते नारायणगावात भेटेल त्याला बाही वर करून दाखवतात, म्हणजे तेही फायद्यातच. गॉगलवाला दर सोमवारी विचारतो, ह्या आठवड्यात काय घेणार? हिरा काही बोलत नाही, पण परवा मला न मागता दुसरा चहा मिळाला.

भरलं मी. गोऱ्ह्याचे भरले, दलालीचे भरले, वैरणीचे अजून भरतोय. आकडा विचारू नका, टॉवेलाखालचा आहे.

श्रेयाच्या नावावर काही बाकी निघत नाही.